चारही स्टिक निर्दोष, तरी संगणक अस्थिर : उदगीरच्या एका फोटो स्टुडिओतील रॅमचे प्रकरण

उदगीर येथील एका फोटो स्टुडिओतला संपादनाचा संगणक रॅम वाढवल्यानंतर अस्थिर झाला, आणि कारण सापडेपर्यंत ऐन लगीनसराईत त्याच संगणकावर अनेक लग्नांचे फोटो उतरवले गेले, निवडले गेले आणि अल्बमच्या पानांवर मांडलेही गेले. रॅमची एखादी स्टिक खराब निघणे ही नेहमीची बाब आहे आणि ती हुडकून काढणेही फारसे अवघड नसते. येथे मात्र चारही स्टिक वेगवेगळ्या तपासल्या असता निर्दोष ठरत होत्या, त्या विकणाऱ्या दुकानदाराचे म्हणणे खरे होते, आणि तरीही संगणक चुका करत होता. स्टिक चांगली की वाईट एवढाच प्रश्न विचारत राहिले तर अशा बिघाडाचे उत्तर मिळत नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडत आहे.

संगणकाची रचना अशी होती : रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा चार स्लॉट असलेला मदरबोर्ड, आणि लातूरहून संगणक जोडून घेतानाच बसवलेल्या ८ जीबीच्या, डीडीआर४ पिढीच्या दोन स्टिक. या स्टिकवर ३२०० हा वेग आणि १६-१८-१८-३८ हे टायमिंग (प्रतिसादासाठी दिलेले घड्याळाचे ठोके) छापलेले होते, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी प्रोफाइल (छापील वेगासाठी स्टिकमध्येच साठवलेली तयार मूल्ये) सुरू करून त्या त्याच वेगाने १.३५ व्होल्टवर चालवल्या जात होत्या. या जोडीबद्दल कधीही तक्रार नव्हती. फोटोशॉपमध्ये अल्बमची मोठी पाने उघडी ठेवून शेजारी व्हिडिओचे संपादन करायचे म्हटले की १६ जीबी अपुरी पडू लागली, तेव्हा स्टुडिओचालकांनी महाशिवरात्रीच्या सुमारास हैदराबादला गेलेल्या एका नातेवाइकाकडून आणखी दोन स्टिक मागवल्या. कंपनी तीच, मॉडेल तेच, वरच्या धातूच्या पट्टीचा रंगही तोच. रिकाम्या दोन स्लॉटमध्ये त्या बसवल्या, विंडोजने ३२ जीबी दाखवली आणि काम सुरू झाले.

पहिले काही आठवडे काहीच घडले नाही, आणि पुढच्या गोंधळाचे मूळ या शांततेतच आहे. होळी जळाली, थंडी पळाली असे आपण म्हणतो; होळीनंतर ऊन तापू लागले तसे दुपारच्या वेळी फोटोशॉप कोणतीही सूचना न देता बंद पडू लागले. पाठोपाठ ब्ल्यू स्क्रीन येऊ लागली आणि तिच्यावरचा संदेश दर वेळी निराळा असे : कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुधा तोच तो संदेश परत परत येतो. संदेश सारखे बदलत असतील आणि त्यांच्यात कोणतेही सूत्र दिसत नसेल, तर मेमरीवर संशय घेण्यास ते पुरेसे कारण असते. पण रॅम टाकल्याला बरेच दिवस उलटले होते, मधल्या काळात संगणक नीट चालला होता, त्यामुळे त्या दोन घटनांचा संबंध कोणी जोडला नाही.

जे उपाय झाले ते आपल्याकडे सर्रास होतात तेच होते. फोटोशॉप काढून पुन्हा टाकले, अँटिव्हायरस बदलला, वीज ये-जा करते म्हणून इन्व्हर्टरवर शंका घेतली. शेवटी फॉरमॅट मारायचे ठरले, तर विंडोजचे इन्स्टॉलेशनच मध्ये अडकून ०x८००७०५७० हा क्रमांक दाखवू लागले. फाइल दूषित आहे किंवा वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ. पेन ड्राइव्ह बदलून पाहिला तरी तेच. रॅमच्या स्टिक काढून त्यांच्या सोनेरी पिना खोडरबराने घासून पुन्हा बसवल्या, तेव्हा एक दिवस बरे वाटले. खोडरबराचा हा उपाय गावोगावी चालतो. परंतु त्याने पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारे मऊ कापड वापरणे त्यापेक्षा कितीतरी चांगले. मी गेलो तेव्हा स्टुडिओचालकांचे पहिले वाक्य होते, “सर, चारही रॅम दुकानात टेस्ट करून आणल्यात, त्यांच्यात खोट नाही. दुसरं काय ते बघा.” विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकही त्यांच्या पुतण्याने चालवून पाहिले होते आणि त्यातही काही आढळले नव्हते.

माझे लक्ष मात्र पुतण्याने ओघात सांगितलेल्या एका गोष्टीकडे गेले. एका ग्राहकाला पाठवलेली झिप फाइल त्याच्याकडे उघडत नव्हती. सीआरसी (फाइल शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) जुळत नाही असा संदेश येत होता. पुन्हा बनवून पाठवली तेव्हा ती उघडली. शिवाय एका लग्नातील काही फोटो अर्ध्यापर्यंत नीट आणि त्याखाली रंग सरकलेले, पट्टे पडलेले असे दिसत होते, त्याचा दोष मेमरी कार्डाला देऊन तो विषय सोडून दिला होता. संगणक बंद पडण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर होते. संगणक बंद पडला तर ते कळते तरी. चुकीचा डेटा निमूटपणे डिस्कवर लिहिला गेला तर कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून कोणतीही चाचणी करण्यापूर्वी या संगणकावर काहीही लिहिणे थांबवायला सांगितले. बॅकअप घेऊ का, असे पुतण्याने विचारले, तेव्हा त्यालाही नकार दिला, कारण अस्थिर मेमरीतून घेतलेला बॅकअप चांगल्या जुन्या प्रतीवर चुकीची प्रत चढवू शकतो. नव्या दोन्ही स्टिक काढल्या, जुनी जोडी मूळ जागी ठेवली आणि कॅमेऱ्याची जी कार्डे अजून पुसलेली नव्हती ती सर्व बाजूला काढून कुलपात ठेवली.

तपासणी

चाचणीसाठी मेमटेस्ट८६+ हा मुक्तस्रोत प्रोग्राम वापरला. तो पेन ड्राइव्हवरून विंडोजविना सुरू होतो, आणि २०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीच्या संगणकांवरही चालतो. विंडोजमधील डायग्नोस्टिकची नेहमीची चाचणी थोड्याच वेळात संपते. तिच्यात उघड बिघाड सापडतो, क्वचित होणारी चूक सहसा सापडत नाही. रात्रभर चालणाऱ्या चाचणीला पर्याय नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची व प्रत्येक बदल वहीत लिहायचा, हा नियम मोडला की तपासणीचा उपयोग उरत नाही.

जुनी जोडी एक्सएमपीसह रात्रभर चालवली. एकही चूक नाही. नवी जोडी त्याच दोन स्लॉटमध्ये, त्याच प्रोफाइलवर चालवली. एकही चूक नाही. दुकानदार खरे बोलत होता हे येथे सिद्ध झाले. मग उरलेले दोन स्लॉट खराब आहेत का, हे पाहणे आवश्यक होते, म्हणून जुनी जोडी त्यांत बसवून, प्रोफाइल बंद करून चालवली; तेही निर्दोष निघाले. चारही स्टिक बसवून, प्रोफाइल बंद ठेवून, म्हणजे २४०० या त्यांच्या मूळ वेगावर चालवल्या. एकही चूक नाही. शेवटी चारही स्टिक आणि एक्सएमपी, म्हणजे नेमकी स्टुडिओतली रोजची स्थिती, आणि पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या.

या लाल ओळी केवळ मोजू नयेत, त्या वाचाव्यात. चूक दर वेळी त्याच पत्त्यावर येत असेल तर एखाद्या चिपमधील ठरावीक जागा निकामी झाली आहे असे समजावे. पत्ते बदलत असून तोच एक बिट सारखा चुकत असेल तर पिना, स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील संपर्क तपासावा. येथे पत्तेही बदलत होते आणि बिटही बदलत होते. चुका विखुरलेल्या आणि तुरळक होत्या. असे दिसते तेव्हा भाग शाबूत असतात, पण प्रोसेसर आणि स्टिक यांच्यातला संकेत ज्या क्षणी वाचायला हवा त्या क्षणी तो पुरेसा स्पष्ट नसतो.

दोनाच्या जागी चार स्टिक आल्या की असे का होते, हे नीट समजून घ्यायला हवे. या वर्गातील संगणकात मेमरीचे दोन चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारे दोन स्वतंत्र मार्ग, असतात आणि चार स्लॉटच्या मदरबोर्डावर प्रत्येक चॅनेलच्या तारांवर दोन स्लॉट असतात. बहुतेक साध्या मदरबोर्डांवर या तारा आधी एका स्लॉटला आणि मग पुढच्या स्लॉटला जातात. म्हणूनच दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवायला मॅन्युअल सांगते, कारण तारेचे टोक मोकळे राहिले तर संकेत तेथून परावर्तित होऊन मूळ संकेतात मिसळतो. चार स्टिक बसल्या की त्याच तारांवर दुप्पट भार येतो, संकेताच्या कडा बोथट होतात आणि तो वाचण्यासाठी मिळणारी वेळेची फट अरुंद होते. ३२०० वेगावर प्रत्यक्ष घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणजे एका बिटासाठी मिळणारा काळ एका नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेथे थोडीशी अस्पष्टतासुद्धा पुरते.

ही गोष्ट गुपित नाही. रायझन ५००० मालिकेसाठी एएमडीने स्वतः दिलेली मर्यादा दोन स्टिकना ३२००, एका रँकच्या चार स्टिकना २९३३ आणि दोन रँकच्या चार स्टिकना २६६७ अशी आहे. रँक म्हणजे एकाच वेळी निवडला जाणारा ६४ बिटांचा चिपांचा संच. ८ जीबीच्या नेहमीच्या डीडीआर४ स्टिकवर आठ चिपांचा एकच रँक असतो. म्हणजे स्टुडिओतील चार स्टिकसाठी हमीचा वेग २९३३ होता आणि संगणक त्यापुढे चालवला जात होता. स्टिकच्या वेष्टनावर ३२०० छापलेले असते ते खरेच असते; पण तो त्या स्टिकचा वेग झाला. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि स्टिकांची संख्या मिळून किती वेग पेलतील, हे वेष्टनावर छापता येत नाही. एक्सएमपी हीदेखील मूळ मानकापलीकडची व्यवस्था आहे : डीडीआर४ चे मानक व्होल्टेज १.२, आणि प्रोफाइल मागते १.३५. दोन स्टिकांचे किट विकत घेताना उत्पादकाने ती जोडी एकत्र तपासलेली असते. दोन वेगवेगळी किटे एकत्र केली की चौघांचे किट तयार होत नाही, कारण ते चौघे एकत्र कोणीच तपासलेले नसतात.

सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक स्लॉटमधील स्टिकची माहिती पाहिली, तेव्हा उरलेला उलगडा झाला. मॉडेल क्रमांक एकच असूनही जुन्या आणि नव्या जोडीतील चिपा वेगवेगळ्या उत्पादकांच्या होत्या. रॅमच्या कंपन्या बाजारात मिळतील त्या चिपा घेऊन तेच मॉडेल पुढे चालू ठेवतात. ग्राहकाला बाहेरून फरक दिसत नाही. छापील चार आकडे दोघींचे सारखे, पण त्यांच्यामागे आणखी अनेक दुय्यम टायमिंग असतात आणि ती प्रत्येक चिपेला वेगळी मानवतात. चौघी एकत्र आल्यावर मदरबोर्ड सर्वांना एकच मूल्ये लावतो, आणि ती एका जोडीला अगदी काठावर पडू शकतात. उष्णतेचा संबंधही येथेच येतो. रॅमच्या पेशीतील विद्युतभार गळत असतो आणि तो ठरावीक अंतराने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये त्यासाठीच्या दोन आज्ञांमधील सरासरी अंतर ७.८ मायक्रोसेकंद असते आणि चिपेचे तापमान ८५ अंशांच्या वर गेल्यास ते निम्मे करावे लागते, कारण ताप वाढला की गळती वाढते. स्टुडिओतील स्टिक ८५ अंशांना पोहोचल्या होत्या असे मुळीच नाही. परंतु चार स्टिक एकमेकींना चिकटून, मधून हवा जायला जागा नाही, शेजारी ग्राफिक कार्ड तापलेले, आणि बाहेर मराठवाड्याचे चाळिशीकडे सरकणारे ऊन, अशा स्थितीत काठावरची स्थिरता टिकत नाही. महाशिवरात्रीला चाललेला संगणक होळीनंतर का बिघडला, याचे मला पटणारे स्पष्टीकरण हेच आहे.

उपाय

बायोसची नवी आवृत्ती टाकणे योग्य होते, कारण तिच्यात मेमरी हाताळण्याचा भाग बऱ्याचदा सुधारलेला असतो. पण अस्थिर रॅमवर बायोस कधीही बदलू नये. नवी फाइल मेमरीतूनच जाते आणि तिच्यातला एक बिट चुकला तर मदरबोर्ड सुरूच न होण्याची वेळ येते. जुनी जोडी, प्रोफाइल बंद, आणि संगणक यूपीएसवर, एवढी काळजी घेऊन ते काम केले. त्यानंतरही चार स्टिक ३२०० वर चुकतच होत्या, फक्त चुका उशिरा येऊ लागल्या.

येथे दोन वाटा होत्या. प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकाचे व्होल्टेज थोडे वाढवून, दुय्यम टायमिंग सैल करून ३२०० साधण्याचा प्रयत्न करता आला असता, आणि हौशी मंडळी ते करतात. मी तो मार्ग सुचवला नाही. ज्या संगणकावर लोकांच्या लग्नाचे फोटो उतरतात, त्याची स्थिरता एखाद्या काठावरच्या व्होल्टेजवर टांगून ठेवणे मला पटत नाही. त्याऐवजी वेग २९३३ केला, व्होल्टेज १.३५ ठेवले, १६-१८-१८-३८ ही मूल्ये हाताने भरली, गिअर डाउन मोड (आज्ञा निम्म्या गतीने घेऊन स्थिरता वाढवणारी सोय) सुरू ठेवला आणि टीआरएफसी हे, म्हणजे विद्युतभार पुन्हा भरण्यासाठी दिलेल्या वेळेचे, दुय्यम टायमिंग ५६० ठेवले. ८ गिगाबिटच्या चिपेसाठी मानकानुसार हा काळ ३५० नॅनोसेकंद असतो. २९३३ वेगावर तो सुमारे ५१३ ठोक्यांत बसतो, म्हणजे ५६० मध्ये पुरेशी मोकळीक राहते. या बदलाने दोन चॅनेल मिळून सैद्धांतिक वहनक्षमता सेकंदाला ५१.२ जीबीवरून सुमारे ४६.९ जीबीवर येते. अल्बमच्या कामात हा फरक जाणवला नाही. १६ जीबी संपल्यावर डिस्कवर होणारी धावाधाव थांबल्याचा फायदा त्याहून फार मोठा होता.

रात्रीची मेमटेस्ट चाचणी निर्दोष आली, तेवढ्यावर मी समाधान मानले नाही. त्या चाचणीत ग्राफिक कार्ड थंड असते आणि रात्री खोलीही निवलेली असते. म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी, एसी बंद ठेवून, प्राइम९५ ची मेमरीवर ताण देणारी चाचणी चालवली आणि सोबत व्हिडिओ रेंडर लावला. तीही पार पडल्यावरच विंडोज नव्याने टाकले. आधी अडकणारे तेच इन्स्टॉलेशन, त्याच पेन ड्राइव्हवरून, या वेळी विनातक्रार पूर्ण झाले.

खरेदीपूर्वी कोणी विचारले तर माझा सल्ला वेगळा असेल : जुनी जोडी विकून १६ जीबीच्या दोन स्टिकांचे एकच किट घ्यावे. हैदराबादची खरेदी परत होणार नव्हती, म्हणून येथे आहे त्यातून मार्ग काढला. डीडीआर५ च्या संगणकांवर तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना ५२०० ची हमी आहे, तर चार स्टिकना फक्त ३६०० ची. डीडीआर५ च्या चिपेत चूक दुरुस्त करण्याची सोय असते हे खरे, पण ती चिपेच्या आतल्या चुकांपुरती आहे. तारांवरून जाताना बिघडलेला बिट तिच्या कक्षेत येत नाही.

फाइलींचे काय झाले

संगणक बरा झाला म्हणून काम संपले नव्हते. कार्डावरचा फोटो डिस्कवर जाताना मेमरीतून जातो. तेथे एखादा बिट उलटला तर डिस्क तो चुकीचा बिटच इमानेइतबारे लिहून ठेवते आणि स्वतःची पडताळणीही त्या चुकीच्या डेटावरच करते. त्यामुळे ना डिस्क तक्रार करते, ना विंडोज. नव्या स्टिक बसवल्यापासून काढेपर्यंत लिहिली गेलेली प्रत्येक फाइल संशयित मानणे भाग होते, आणि त्या काळात बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलेला बॅकअपही त्याच वर्गात मोडत होता.

कुलपात ठेवलेली कार्डे येथे कामी आली. कार्डावरील आणि डिस्कवरील प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा विंडोजमधील सर्टयुटिलने काढून जुळवला. एका बिटाचाही फरक असेल तर हा ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे डोळ्यांनी फोटो तपासत बसावे लागत नाही. फाइल नुकतीच कॉपी करून लगेच ठसा काढला तर ती डिस्कवरून न वाचता मेमरीतील प्रतीवरूनच वाचली जाण्याची शक्यता असते, म्हणून नवी प्रत घेतल्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून मगच तुलना केली. न जुळणाऱ्या फाइली थोड्याच होत्या, पण होत्या, आणि त्यांतल्या काही फोटोशॉपमध्ये अगदी नीट उघडत होत्या. त्या सर्व कार्डावरून पुन्हा घेतल्या.

ज्या लग्नांची कार्डे पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरली गेली होती, तेथे तुलनेला मूळच उरले नव्हते. जेपीईजीच्या आकुंचित डेटात बिट चुकला तर तेथून पुढचा भाग बहुधा उघडच बिघडतो, म्हणून ते फोटो एकेक करून पूर्ण आकारात पाहावे लागले. पुतण्याने ते काम चिकाटीने केले. बिघडलेल्यांपैकी ज्यांची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला मूळ कच्चा डेटा) शाबूत होती ते पुन्हा तयार झाले. काही गेले ते गेलेच, आणि स्टुडिओचालकांनी त्या घरांना फोन करून तसे स्पष्ट सांगितले. आता लग्नाचे कार्ड अल्बम हाती दिल्याशिवाय पुसायचे नाही आणि प्रत्येक कार्डाची प्रत घेताना ठशांची यादीही त्याच फोल्डरमध्ये ठेवायची, अशी पद्धत त्यांनी लावून घेतली आहे.

एक धोका शिल्लक राहतो. मदरबोर्डवरचा सेल संपला किंवा बायोस मूळ स्थितीत गेले तर मेमरी २४०० वर येईल, आणि ते सुरक्षितच आहे. पण त्यानंतर येणारा एखादा तंत्रज्ञ ३२०० च्या स्टिक कमी वेगाने चालताना पाहून चांगल्या हेतूने एक्सएमपी सुरू करून जाईल. म्हणून सर्व मूल्ये बायोसमध्ये स्वतंत्र प्रोफाइल म्हणून साठवली आहेत, आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीच मूल्ये, कारणासह, मराठीत लिहून चिकटवली आहेत.